घरच्या मक्याचं बी धरताना: कोल्हापूरच्या हवेचं गणित

आमच्याकडं करवीर तालुक्यात मका दोनदा होतो. मृगाच्या पावसावर टोकलेला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात निघतो आणि दिवाळीच्या आगंमागं पाण्यावर केलेला फेब्रुवारी-मार्चात. बी धरायचं असेल तर या दुसऱ्या पिकाचं धरा. वाळवण्याची निम्मी डोकेदुखी एवढ्या एका निवडीनं संपते.

मी पहिल्या वर्षी उलटं केलं होतं. खरिपाची कणसं परतीच्या पावसात काढली, मधे चार दिवस कडक ऊन पडलं तेवढ्यावर वाळली असं समजलो आणि दाणे प्लास्टिकच्या बरणीत भरून झाकण गच्च लावलं. मे महिन्यात उघडलं तर आंबूस-कुबट वासाचा भपकारा आला. दाणा वरून पिवळाधमक, पण टोकाशी जिथं अंकुर असतो तिथं हिरवट-काळी बुरशी. शंभर दाणे भिजत घातले, एकवीस उगवले. उरलेलं म्हशीलाही घालता आलं नाही, कारण बुरसटलेल्या मक्यातलं विष जनावरालाही बाधतं आणि दुधातही उतरतं. सगळं खड्ड्यात पुरलं.

कुठल्या मक्याचं बी धरायचं

दुकानातून पिशवीत आणलेला मका बहुतेक वेळा संकरित असतो. दोन वेगळ्या, पिढ्यान्‌पिढ्या एकसारख्या ठेवलेल्या वंशांचा संकर करून ते बी तयार होतं. त्याचं पहिलं पीक एकसारखं आणि जोमदार येतं, पण त्याच पिकाचे दाणे पुन्हा पेरले की गुण विस्कटतात: एक ताट उंच, दुसरं खुजं, कणसं लहानमोठी, उतारा कमी. आपल्या भागात माहीत असलेला राजर्षी हा असाच संकरित वाण. पेरू नये असं नाही, पण त्याचं बी धरण्यात अर्थ नाही. रंकाळ्यावर उकडून मिळणारा गोड मकाही जवळपास सगळा संकरितच.

बी धरता येतं ते गावरान आणि संमिश्र वाणांचं, म्हणजे अनेक चांगले वंश एकत्र मिसळून मोकळ्या परागावर वाढवलेल्या वाणांचं. मांजरी, करवीर, पंचगंगा हे दाण्याचे संमिश्र वाण आणि वैरणीसाठी घरोघरी असलेला आफ्रिकन टॉल या गटातले. कुणाकडं आजोबांपासून चालत आलेला पांढरा गावरान मका असेल, तर सगळ्यात आधी त्याचं बी धरा. कायद्याची भीती बाळगू नका. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 नुसार शेतकरी स्वतःच्या शेतातलं बी ठेवू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावानं मात्र विकता येत नाही.

वैरणीचा मका आणि वारा

मक्याचा तुरा म्हणजे नर आणि कणसावरचे केस म्हणजे मादी. एकेक केस आतल्या एकेका दाण्याला जोडलेला असतो, त्याच्यावर पराग पडला तर दाणा भरतो, नाही तर जागा रिकामी राहते. पराग वाऱ्यावर जातो. त्यामुळं बांधाच्या कडेनं एकच ओळ लावली की कणसं दात पडलेल्या तोंडासारखी होतात. बियाण्याचा मका चौकोनी तुकड्यात लावा, निदान सात-आठ ओळी शेजारी-शेजारी. एका गुंठ्यात दोन फूट बाय आठ इंचांवर साधारण आठशे ताटं बसतात, घरच्या बियाण्याला तेवढी भरपूर होतात.

आता खरी अडचण. कोल्हापुरात ज्याच्या दारात म्हशी त्याच्या रानात वैरणीचा मका. तो एकदम येत नाही. दर पंधरा दिवसांनी एक-दोन गुंठे टोकत जातात, म्हणजे कुठल्याही महिन्यात कुणाचा ना कुणाचा तुरा बाहेर असतोच. वैरण कापायची योग्य वेळही तुरा आल्यावरचीच, म्हणून पराग सुटल्याशिवाय ती कापली जात नाही. प्रमाणित बियाण्याच्या शेतासाठी दुसऱ्या मक्यापासून किमान 200 मीटर, म्हणजे साडेसहाशे फूट अंतर मानतात. आपल्या गुंठेवारी रानात एवढं अंतर मिळणं अवघड. मी तीन वाटांनी जातो.

पहिली वाट वेळेची. शेजारी कधी टोकणार ते विचारून घ्यायचं आणि आपला तुरा त्याच्या तुऱ्याच्या निदान तीन आठवडे आधी किंवा नंतर येईल असं धरायचं. दुसरी वाट आडोशाची. आमच्या रानाच्या एका बाजूला आडसाली ऊस उभा असतो, तो पराग बराच अडवतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून खरिपात पश्चिमेकडचा शेजारी जास्त महत्त्वाचा.

तिसरी वाट हाताची. जागा अगदीच थोडी असेल तर हीच खात्रीची. केस बाहेर पडायच्या आधी कोवळ्या कणसावर छोटी कागदी पिशवी घाला. केस दोन-तीन बोटं लांब झाले की आदल्या संध्याकाळी तुऱ्यांना खाकी कागदाच्या मोठ्या पिशव्या बांधा. प्लास्टिक नको, आत घाम येतो आणि पराग चिकटून मरतो. सकाळी दव वाळल्यावर, नऊ ते अकराच्या दरम्यान, तुरे वाकवून पिशव्या झटका. पंधरा-वीस तुऱ्यांचा पिवळा पराग एका वाटीत एकत्र करा, कणसावरची पिशवी क्षणभर काढून केसांवर टाका आणि लगेच झाका. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. अशा कणसाला लाल दोरा बांधा, नाही तर काढणीच्या वेळी कुठलं कुठलं ते कळत नाही.

पांढरा मका असेल तर मिसळ झाली की नाही हे दाणाच सांगतो. पिवळ्या मक्याचा पराग पडला की त्याच कणसावर तो दाणा त्याच हंगामात पिवळसर दिसतो, पुढच्या पिढीची वाट बघावी लागत नाही. असे दाणे नखानं काढून टाका. पिवळ्या वाणात ही सोय नाही.

किती कणसं, कुठल्या ताटांची

दोन-चार मोठ्ठी, देखणी कणसं निवडून त्यांचंच बी धरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मक्याला भाऊबंदकीतलं लगीन सोसत नाही. थोड्याच ताटांचं बी पुन:पुन्हा धरलं की दोन-तीन पिढ्यांत ताटं बुटकी आणि कणसं छोटी होत जातात. शंभर ताटांची कणसं घेतलीत तर उत्तम, पन्नासच्या खाली जाऊ नका. हे जड वाटतं, पण हिशोब करून बघा. चांगल्या कणसात साधारण शंभर ग्रॅम दाणा निघतो, म्हणजे ऐंशी कणसांत आठ किलो. दाण्याच्या मक्याला एकरी सहा ते आठ किलो बी लागतं. एकराची सोय झाली. अर्धाच एकर करायचा असेल तर कणसं कमी करू नका, प्रत्येक कणसातून थोडे-थोडे दाणे घ्या.

निवड उभ्या पिकात करायची. खळ्यावर कणसांचा ढीग पडल्यावर नुसता आकार दिसतो, ताट कसं होतं ते दिसत नाही. कडेच्या ओळी सोडून आत शिरा, कारण कडेच्या ताटाला ऊन-खत जास्त मिळतं आणि त्याचं मोठं कणीस फसवं असतं. चारी बाजूंनी शेजारी असूनही जे ताट सरळ उभं आहे, लोळलेलं नाही, ज्याचं कणीस मधोमध आहे आणि वरची पानं टोकापर्यंत गच्च बसली आहेत, ते घ्या. उघड्या टोकातून पाणी आणि किडे आत जातात. लष्करी अळीनं पोखरलेलं कणीस, खालून तांबूस पडलेलं किंवा गुलाबी बुरशी आलेलं, नको. निवडलेल्या ताटाला चिंधी बांधून ठेवा.

कधी काढायचं

कणसावरची पानं पिवळी पडून कागदासारखी वाजायला लागली की एक कणीस सोला आणि मधल्या भागातला दाणा उपटा. त्याच्या मुळाशी, जिथं तो कणसाला चिकटलेला असतो, तिथलं टोक नखानं खरवडा. आत काळी रेघ दिसली तर दाणा पुरता भरला, आता ताट त्याला काही देत नाही. त्या वेळी दाण्यात तिसरा हिस्सा पाणीच असतं. ऊन असेल तर रानातच आणखी आठ-दहा दिवस राहू द्यावं, रब्बीत हे जमतं. खरिपात मात्र काळी रेघ दिसताच काढा, परतीच्या पावसात ताटावर ठेवलेल्या कणसात दाणा फुगून उगवायलाही लागतो.

वाळवणं

पानं पूर्ण ओरबाडू नका. मागं सारा आणि त्याच पानांनी दोन-दोन कणसांची जोडी बांधा. अशा जोड्या सोप्यात किंवा पडवीत, वारा लागेल पण पाऊस लागणार नाही अशा ठिकाणी दोरीवर टांगा, दोन जोड्यांत हाताचा पंजा जाईल एवढं अंतर ठेवून. आज्जीच्या वेळी बियाण्याची कणसं चुलीवरच्या तुळईला असत. धुराचा थर बसून दाणा काळवंडायचा, पण किडा लागत नसे आणि जुलैतल्या ओल्या हवेतही ती कोरडी राहत. चूल असेल तर अजून करा. तुळईची उंची मात्र पुरेशी हवी, हात लावला की दाणा कोमट लागावा, गरम नको.

काही जणांना गॅलरीच्या पत्र्यावर किंवा गच्चीच्या स्लॅबवर टाकायचं असतं. मार्चच्या दुपारी त्या स्लॅबवर अनवाणी पाय ठेवून बघा, मग ठरवा. बियाण्याच्या दाण्याला चाळीस अंशांच्या वर ताप नको, आणि दाणा जितका ओला तितका तो तापाला नाजूक. पहिला आठवडा सावलीत वारा, त्यानंतर सकाळी नऊ ते बारा एवढंच ऊन, तेही खाली चादर किंवा जुनी साडी टाकून. काळं प्लास्टिक नको. दाण्यावर उलटा तळहात ठेवा, हात ठेववत नसेल तर सावलीत घ्या. पाचाच्या आत सगळं घरात, कारण फेब्रुवारीअखेरपर्यंत आपल्याकडं पहाटे दहिवर पडतं आणि दिवसभर घालवलेला ओलावा एका रात्रीत परत येतो. गुऱ्हाळाच्या चुलवणाजवळ वाळवू नका. एकानं वाळवलेलं बघितलं, दाणा छान कडक आणि बी मेलेलं.

हवेचंही एक गणित आहे. दाणा हवेइतकाच कोरडा होतो, त्यापेक्षा जास्त नाही. मार्चमधल्या दुपारच्या कोरड्या हवेत तो दहा-अकरा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. ऑगस्टमध्ये राधानगरी-गगनबावड्याकडं, हवेतच पाणी असताना, चौदा-पंधराच्या खाली जात नाही, कितीही दिवस ठेवा. शिरोळ-हातकणंगल्याकडची हवा त्यामानानं बरी. पश्चिमेकडच्या मित्रांनी खरिपाचं बी धरायचंच असेल तर चूल किंवा बंद खोलीत रात्रंदिवस पंखा, याला पर्याय नाही.

वाळलं की नाही ते कसं कळणार

लक्ष्य बारा टक्के ओलावा. हवाबंद डब्यात वर्षभर ठेवायचं असेल तर आणखी खाली, आठपर्यंत गेलं तर उत्तम. ओलावा एक टक्क्यानं कमी झाला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून ही शेवटची ओढाताण फुकट जात नाही.

आज्जीची परीक्षा दाताची होती. "दात लाव. कट्ट झालं तर वाळलं, दात रुतला तर न्हाई." दगडावर ठेवून हातोडीनं मारलं तर कोरडा दाणा काचेसारखा तडकून उडतो, ओला चपटा होतो. ही परीक्षा रोज केली तर हाताला सवय होते.

मीठ वापरून आणखी खात्री करता येते. कोरड्या काचेच्या बरणीत दोन-तीन चमचे भाजून गार केलेलं मीठ आणि बरणीच्या एक तृतीयांश दाणे घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही म्हणजे बारा झालं असं मात्र नाही, एवढंच कळतं की पंधराच्या खाली आलंय.

माझा भरवसा वजनकाट्यावर. कणसांची एक जोडी खूण करून ठेवायची आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक दिवसाआड, त्याच वेळी, मोजायची. आकडा उतरत जातो, मग थांबतो. तीन-चार वेळा तोच आला की हवेनं जेवढं काढायचं तेवढं काढलं. मक्यात किती पाणी जातं याचा अंदाज असावा: वीस टक्के ओलाव्याचे दहा किलो दाणे बारा टक्क्यांवर आले की नऊ किलो शंभर ग्रॅमच्या आसपास भरतात. पुढंही उतरत असेल तर ओलावा अजून आहे.

सोलणं

कणसाच्या दोन्ही टोकांचे दाणे काढून बाजूला ठेवायची पद्धत आहे. ते कमजोर पिढीचे असतात अशी समजूत आहे, पण गुण त्यांच्यातही तेच असतात, फक्त आकार लहान-वेडावाकडा, टोकणीला अडचण. मी ते कोंबड्यांना घालतो. मधले दाणे हातानं सोला, दोन कणसं एकमेकांवर घासूनही पटकन निघतात. बाजारात हातातल्या लोखंडी कड्यासारखं सोलणी-साधन मिळतं, ते चांगलं. यंत्रावर किंवा पोत्यात घालून काठीनं बडवू नका. तडा डोळ्यांना दिसत नाही, बुरशीला दिसतो.

साठवण

सोललेले दाणे पुन्हा दोन दिवस सावली-उन्हात टाका, मग थंड होऊ द्या. गरम दाणा डब्यात भरला की आतून घाम सुटतो. दुपारीच, हवा कोरडी असताना, सावलीत तास-दोन तास ठेवून भरायचं. रात्री उशिरा भरू नका.

डबा घट्ट झाकणाचा, शक्यतो काचेचा किंवा पत्र्याचा. तेलाचा पंधरा किलोचा डबा धुऊन, उन्हात पुरता वाळवून वापरता येतो, झाकणाच्या कडेला मेण लावलं की काम झालं. काठोकाठ भरा. आत हवा कमी राहिली की सोंडे किडा आणि पतंगाची अळी गुदमरतात. ते शेतातूनच दाण्यात शिरलेले असतात, बाहेरून दिसत नाहीत आणि दोन महिन्यांनी एकदम दिसतात. डबा अर्धाच भरणार असेल तर लहान डबा घ्या. गोणपाट नको. मार्चमध्ये दहा टक्क्यांवर आणलेला मका जुलैतल्या हवेत गोणपाटात ठेवला तर पुन्हा ओलावा धरतो.

गोवरीची राख गाळून, वाळवून दाण्यांच्या फटीत भरेल इतकी घालणं ही जुनी आणि खरंच चालणारी पद्धत आहे, किड्याला आत फिरता येत नाही. वाळलेला कडुलिंबाचा पालाही चालतो, ओला नको. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात कधीच वापरू नका, त्यांचा वायू माणूस मारतो. घरात फ्रीजर असेल तर पूर्ण वाळलेलं बी घट्ट पिशवीत आठवडाभर तिथं ठेवा, अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून दिवसभर बाहेर राहू द्या, तोवर उघडू नका, नाही तर दाण्यावर पाणी धरतं. ओलं बी फ्रीजरमध्ये घातलं तर ते मरतं.

चिठ्ठी आतही टाका आणि बाहेरही लावा: वाण, हंगाम, काढणीची तारीख, किती कणसांचं. डबा जमिनीवर नको, फळीवर, थंड आणि अंधाऱ्या कोपऱ्यात. उन्हाच्या खिडकीत तर नकोच.

उगवण बघणं

मेच्या मध्यात डबा उघडा, सगळीकडून थोडे-थोडे मिळून शंभर दाणे घ्या. ओलं करून पिळलेलं गोणपाट पसरा, त्यावर दहा-दहाच्या ओळी मांडा, वरून दुसरं गोणपाट, गुंडाळी करून उभी ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. चौथ्या दिवशी एकदा मोजा, सातव्या दिवशी शेवटचं. ज्यांचा कोंब आणि मूळ दोन्ही निघालं तेच मोजा. ऐंशी आले तर टोकणीला एक चतुर्थांश बी जास्त घ्या. सत्तरच्या खाली आले तर त्या लॉटचा नाद सोडा, दुसऱ्याकडून चांगलं बी मिळतं का बघा. बुरशी नसेल तर उरलेलं जनावराला चालतं. औषध लावलेलं बी मात्र खायलाही नको, जनावरालाही नको.

सगळं बी एकाच पावसावर टोकू नका. आमच्याकडं जून कोरडा गेला की दुबार टोकणी होते आणि त्या वेळी बाजारात हवा तो वाण मिळत नाही. किलोभर मागं ठेवा, बरणीत, मेण लावून, फ्रीजमध्ये भाजीच्या कप्प्यात. आमच्या घरी त्या बरणीवर आईनं खडूनं "खायचं न्हाई" असं लिहिलंय, कारण एकदा पाहुण्यांना उसळ करायला ती काढली गेली होती.